डावीकडचा सारंगिया

गवयाची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको की, गवयाच्या उजव्या हाताला तबलजी बसतो आणि डाव्या हाताला सारंगिया. सारंगिये दुर्मिळ झाल्यापासून पेटीवाला. माझ्या वडिलांच्या अंगी ही मांडणी इतकी मुरलेली होती की, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला ते उजवीकडे बसवून घेत आणि हळू बोलणाऱ्याला डावीकडे. आजोबा निजामाच्या दरबारी गवई. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान संपले तेव्हा अण्णा अठरा वर्षांचे होते; आजोबांच्या मागे तानपुऱ्यावर बसता बसता त्यांच्या स्वतःच्या नावाचा तनखा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. दरबारी गवई म्हणून त्यांची एवढीच चाकरी. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या पन्नाशीत झालेला. तेव्हा दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच.

२०११ सालची गोष्ट. काचीगुड्याच्या आमच्या घरी दर शुक्रवारी सायंकाळी अण्णांचे एक जुने स्नेही सारंगी घेऊन येत. दोघांची मिळून दीडशेच्यावर वर्षे झालेली. श्रोता मी एकटाच. त्या दिवशी अण्णांनी षड्ज लावला, सारंगीने साथ धरली, आणि अण्णा एकाएकी थांबून म्हणाले, “मियाँ, सूर तो आ रहा है, आप कहाँ चले गए?” खाँसाहेब हसले. त्यांना वाटले थट्टा आहे. ते अण्णांपासून दोन हातांवर, नेहमीच्या जागी बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने भिंग बदलून दिले. आठ दिवसांनी पुन्हा बदलून दिले. अण्णा तरीही डाव्या बाजूच्या दारचौकटीला खांदा आपटीत होते. अखेर एका नेत्र-रुग्णालयात त्यांची तपासणी झाली. पांढऱ्या वाडग्यासारखे एक यंत्र असते. त्यापुढे हनुवटी टेकून मधल्या बिंदूकडे टक लावायची, एका डोळ्यावर पट्टी बांधायची, आणि कडेला कोठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. दोन्ही डोळ्यांची दोन चित्रे निघाली. दोन्हींत उजवा अर्धा भाग स्वच्छ, डावा अर्धा काळा. मधोमध जणू कोणी फूटपट्टी धरून रेघ ओढली होती.

त्यांच्या डोळ्यांना काही झालेलेच नव्हते. उजव्या मेंदूच्या मागच्या टोकाला, मानेच्या जरा वर, रक्त नेणारी एक वाहिनी तुंबली होती. डोळ्यांची रचना अशी आहे की, प्रत्येक डोळ्याच्या नसेतील सुमारे निम्मे तंतू वाटेत दुसऱ्या बाजूला ओलांडतात, आणि त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारा डावा अर्धा भाग उजव्या मेंदूत जातो, उजवा अर्धा डाव्या मेंदूत. म्हणून उजवीकडची जागा बिघडली की दोन्ही डोळ्यांचे डावे जग एकदम जाते.

जाते म्हणजे काय, हे मला अण्णांकडून समजले. मी विचारले, “अण्णा, तुम्हाला डावीकडे अंधार दिसतो का?” ते म्हणाले, “अरे, अंधार दिसायलासुद्धा काही दिसावे लागते. तुला तुझ्या पाठीमागे काय दिसते? तसे आहे ते.”

आणखी एक गोष्ट आमच्या ह्या शहरातच घडू शकते. अण्णा मराठी आणि उर्दू दोन्ही सारख्याच सफाईने वाचीत. मराठी ओळ डावीकडून उजवीकडे जाते. अण्णांची अडचण ओळीच्या आरंभाला होई. नजर परत फिरली की डावे टोक सापडत नसे, आणि ते ओळीच्या मध्यापासूनच वाचू लागत. त्यावर उपाय सोपा निघाला. पानाच्या डाव्या कडेला तांबडी पट्टी ठेवली. ती दिसेपर्यंत नजर न्यायची आणि मग वाचायचे. वर्तमानपत्र पुन्हा सुरू झाले. पण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तेथे पुढचा प्रत्येक शब्द नसलेल्या जगातून यावयाचा. वाचताना आपली दृष्टी पुढच्या दोन-तीन शब्दांचा अंदाज आधीच घेत असते, हे तो अंदाज बंद पडेपर्यंत कळत नाही. आणि अण्णांच्या उस्तादांनी दिलेली चिजांची वही उर्दूत होती. उर्दू लिपी मला येत नव्हती. वाचणारा होता त्याला ती दिसेना, आणि ज्याला दिसत होती त्याला ती वाचता येईना.

माझा ह्या विषयाकडे ओढा लागला तो असा. मी गाणे शिकविणारा मास्तर. वैद्यक माझा प्रांत नव्हे. पण मेंदूत बाहेरची जागा कशी मांडलेली असते, ह्याबद्दल जे जे समजले ते मला गोष्टीहून नवलाचे वाटले.

तात्सुजी इनोउये नावाचे एक जपानी नेत्रवैद्य होते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागूनही वाचलेल्या सैनिकांची दृष्टी किती गेली हे ठरवून त्यांना निवृत्तिवेतन लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या वेळच्या नव्या रायफलींच्या बारीक गोळ्या कवटीतून सरळ आरपार जात. इनोउयेंनी गोळी शिरल्याची आणि निघाल्याची जागा मोजून मेंदूतला मार्ग काढला, सैनिकाला कोठले दिसत नाही ते तपासले, आणि दोन्हींचा मेळ घालून १९०९ साली मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टीचा नकाशा प्रसिद्ध केला. तनख्याच्या हिशेबातून असे शास्त्र निघावे, ह्याचे तनखेदाराच्या मुलाला कौतुक वाटणारच. पहिल्या महायुद्धातील जखमींवरून गॉर्डन होम्स ह्या आयरिश वैद्याने तो नकाशा अधिक नेटका केला. मेंदूच्या वरच्या सालीवर बाहेरचे जग शेजाराला शेजार लावून मांडलेले असते, एवढे तेव्हापासून पक्के झाले. मात्र मांडणी समप्रमाण नाही. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे. नखाएवढ्या त्या मधल्या जागेला नकाशात जणू अख्खा मोहल्ला मिळालेला असतो, आणि कडेच्या विस्तीर्ण जगाला एखादी गल्ली.

अण्णांचा बिघडला तो ह्या वरच्या नकाशाचा उजवा अर्धा. पण त्याच्या खाली, मेंदूच्या गाभ्यात, आणखी नकाशे आहेत.

डोळ्याच्या एका नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. त्यांतले बहुतेक मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागाकडे जातात. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ घरातील आतली खोली; आपल्या देवडीतली खिलवतच म्हणा ना! तेथे गुडघ्यासारखा वाकलेला एक इवलासा पिंड आहे, त्याला शास्त्रात जानुपिंड म्हणतात. त्यात एकावर एक सहा थर असतात. तीन एका डोळ्याचे, तीन दुसऱ्याचे. प्रत्येक थरात समोरच्या अर्ध्या जगाचा पुरा नकाशा, आणि सहाही नकाशे असे तंतोतंत जुळविलेले की, एक सुई थरांना आडवी आरपार घातली तर सहाही ठिकाणी ती बाहेरच्या एकाच दिशेला टोचेल. सहा तानपुरे एकाच षड्जाला मिळविणे म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ह्याची कल्पना करावी. त्याच्या मागेच उशीच्या आकाराचा भाग आहे, त्याचे लॅटिन नाव पल्विनार म्हणजे उशी, गादी. तेथेही नकाशे आहेत.

राहिलेल्या तंतूंपैकी पुष्कळसे, सुमारे दहावा हिस्सा म्हणतात, आणखी खाली जातात. तेथे चार लहान उंचवटे आहेत. वरच्या दोहोंना सुपीरियर कॉलिक्युलस म्हणतात. कॉलिक्युलस म्हणजे टेकुली. एकेक टेकुली काही मिलिमीटरांची, तुरीच्या दाण्याहून फार मोठी नव्हे. माशाला, बेडकाला, पक्ष्याला मेंदूची साल आपल्यासारखी नाही. पण ह्या टेकुलीच्या जागी असलेला भाग त्यांनाही आहे आणि त्यांचे पुष्कळसे पाहणे तेथेच होते. प्राणिसृष्टीचे हे जुने घर. आपण वर माड्या चढविल्या, पण खालचे घर पाडलेले नाही.

ह्या टेकुलीचे काम “काय आहे” हे सांगण्याचे नव्हे, “कोठे आहे” हे दाखविण्याचे. डेव्हिड रॉबिन्सन ह्यांनी १९७२ साली माकडांच्या टेकुलीत ठिकठिकाणी विजेचा सूक्ष्म झटका देऊन पाहिले. पुढच्या टोकाला दिला तर डोळे जेमतेम हलत, मागच्या टोकाला दिला तर लांब उडी मारीत. आतल्या कडेला वर जात, बाहेरच्या कडेला खाली. वरच्या थरात दिसणाऱ्या जगाचा नकाशा, आणि नेमका त्याच्या खाली डोळे वळविण्याचा नकाशा. जागा दिसली की त्याच ठिकाणी खालून हुकूम सुटतो: वळ!

आणि ह्या नकाशात कानालाही जागा आहे! आमच्या जुन्या शहरातल्या पडक्या देवड्यांच्या कमानीत गव्हाणी घुबडे असत. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाची. हे घुबड मिट्ट काळोखात नुसत्या खसखशीवरून उंदीर पकडते. १९७८ साली अमेरिकेत एरिक नुडसेन आणि मासाकाझु कोनिशी ह्यांनी त्याच्या मेंदूत ऐकू येणाऱ्या जागेचा नकाशा दाखविला. तो पुढे टेकुलीच्या जागी असलेल्या भागात जाऊन दिसणाऱ्या जागेच्या नकाशावर नेमका बसतो. नुडसेन ह्यांनी नंतर घुबडांच्या पिलांना जग बाजूला सरकवून दाखविणारे चष्मे लावले. काही आठवड्यांत कानाचा नकाशा सरकून डोळ्यांशी जुळला. म्हणजे खोटे बोलणाऱ्या डोळ्याचे खरे मानले गेले आणि खरे बोलणाऱ्या कानाने मान तुकविली. गवयाच्या मुलाला हे वाचून जरा वाईट वाटले. असो. मेरेडिथ आणि स्टाइन ह्यांना १९८३ साली मांजराच्या टेकुलीत अशा पेशी आढळल्या की, नुसत्या प्रकाशाला किंवा नुसत्या आवाजाला त्या थोडेसेच उत्तर देतात. पण दोन्ही एकाच जागेहून, एकाच वेळी आले तर दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त. सारंगी गळ्याशी मिळाली की बैठकीत जे होते ते दोघांच्या बेरजेहून अधिक असते, हे आपण जाणतोच.

गोवळकोंड्याला पाहुणे घेऊन गेलात तर हे पाहा. खाली फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजते आणि वर बाला हिसारला ऐकू येते. वाटाड्या टाळीचा महिमा सांगत असतो, पण आपण टाळीकडे लक्ष न देता पाहुण्यांच्या माना पाहाव्यात. “ऐकू आले” असे कोणी म्हणण्याच्या आधी माना वळलेल्या असतात.

हे सारे घुबड-मांजर-माकडांचे झाले. माणसाच्या मेंदूत सुई घालून पाहता येत नाही, आणि टेकुल्या इतक्या खोल आणि इतक्या लहान, शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्याबरोबर हलणाऱ्या, की त्यांचे चित्र घेणे दुर्घट. प्रिन्स्टन येथे कीथ श्नायडर आणि सबीना कास्टनर ह्यांनी सहकाऱ्यांसह ते काम केले; जानुपिंडाचे २००४ साली आणि टेकुलीचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याची रीत तालाच्या माणसाला चटकन समजते. माणूस चुंबकाच्या नळीत पडून मधल्या बिंदूकडे पाहतो. बिंदूभोवती काळ्यापांढऱ्या चौकटींची लुकलुकणारी फाक घड्याळाच्या काट्यासारखी संथ, ठरल्या लयीत फिरत राहते, आवर्तनामागून आवर्तन. मेंदूचा जो कण काम करतो तिकडे रक्त अधिक धावते. प्रत्येक कणाला आवर्तन तेच, पण सम निराळी: ज्याची दिशा उजवीकडे वर, त्याची सम फाक तेथे आल्यावर. कोणाची सम कोणत्या मात्रेवर पडते ते पाहायचे, की कोणता कण कोणती दिशा सांभाळतो ते कळते. रक्त काही सेकंद मागून पोहोचते. गवयाच्या तानेमागून येणाऱ्या सारंगियासारखे. तेवढे हिशेबात धरावे लागते. अशा रीतीने माणसाच्याही जानुपिंडात आणि टेकुलीत समोरच्या बाजूच्या अर्ध्या जगाचे नकाशे मिळाले. २०१५ साली मायकेल आर्कारो, मार्क पिन्स्क आणि कास्टनर ह्यांनी पल्विनारमधले नकाशेही दाखविले.

ह्याच नकाशांत लक्षही वसते. सुचरित कत्याल आणि डेव्हिड रेस प्रभृतींनी २०१० साली दाखविले की, डोळे न हलविता नुसते लक्ष एखाद्या दिशेला दिले, तरी टेकुलीतली तेवढीच जागा जागी होते. गवई श्रोत्यांकडे पाहात असतो आणि लक्ष तबलजीच्या हातावर असते, ते हेच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वर्षा श्रीनिवासन आणि देवराजन श्रीधरन ह्यांच्या २०१९ च्या संशोधनात असे आले की, टेकुलीच्या जोडण्यांचा संबंध नजरेच्या तीक्ष्णपणाशी नसून कोणत्या बाजूला कौल द्यायचा त्या कलाशी आहे.

मग वरचा नकाशा जळाला आणि खालचे शाबूत राहिले तर? १९७४ साली लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. शास्त्रात तो डी. बी. ह्या अक्षरांनीच ओळखला जातो. शस्त्रक्रियेत त्याच्या उजव्या मेंदूतला दृष्टीचा भाग काढावा लागला होता. डावीकडे काही दिसत नाही असे तो सांगे. पण ठिपका कोठे होता, अंदाजाने बोट दाखवा, असा आग्रह केला तर बोट बहुतेक बरोबर जागी जाई. आणि आपण बरोबर दाखविले हे ऐकून त्यालाच नवल वाटे. न दिसणाऱ्याचे हे दिसणे टेकुलीच्या वाटेने होते की जानुपिंडातून वरच्या सालीकडे जाणाऱ्या दुसऱ्याच एका वाटेने, ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. दोन्ही वाटा गाभ्यातूनच जातात.

आमच्या चौकात कबुतरे उतरत. एकदा अण्णा खाटेवर बसले असता डावीकडून एक कबूतर त्यांच्या तोंडाजवळून गेले आणि अण्णांनी मान मागे घेतली. मी विचारले, “दिसले?” “काय?” ते म्हणाले. वाचलेले सारे माझ्या मनात एकदम गर्दी करून आले. पण पंखांचा आवाज होता, वाराही होता. तेव्हा ह्यातून काही सिद्ध झाले असे मी म्हणत नाही.

सिद्ध झाले ते इटलीत. बोलोन्या येथील नादिया बोलोन्यिनी, एलिझाबेटा लादावास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अण्णांसारख्याच अर्धी दृष्टी गेलेल्या रोग्यांना रोज तासनतास एकच गोष्ट करायला लावली: न दिसणाऱ्या बाजूला एकाच जागी दिवा आणि आवाज एकाच वेळी, आणि तिकडे डोळे वळवायचे. २००५ साली त्यांनी लिहिले की, त्या रोग्यांना वस्तू शोधणे सोपे झाले. गेलेला अर्धा भाग परत आला नाही. पण तिकडे नजर नेण्याची सवय डोळ्यांना लागली. नजर डावीकडे गेली की डावीकडचे जग उजव्या, चांगल्या अर्ध्यात येते. कान बोलावतो आणि टेकुली डोळे वळविते, असा त्यांचा कयास आहे.

हे वाचले तेव्हा मला शुक्रवारचे कोडे सुटले. खाँसाहेब डावीकडे बसून सारंगी छेडू लागले की चार-सहा आठवड्यांत अण्णांची मान आपोआप तिकडे वळू लागली होती. “आप कहाँ हैं?” बंद झाले. पण खाँसाहेब गप्प बसले की पुन्हा नाहीसे होत. अण्णा म्हणत, “मियाँ, बजाते रहिये, नहीं तो आप चले जाते हैं.”

वहीचे काय ते राहिले. एका बाईंनी, त्या अशा रोग्यांना वाचन शिकवीत, युक्ती सांगितली की वही आडवी फिरवा, ओळ वरून खाली येईल आणि सगळी उजव्या अर्ध्यात राहील. अण्णा तसे वाचू लागले. पण एका पानाला अर्धा तास लागे आणि डोके दुखे. तेव्हा एकतीस-बत्तिसाव्या वर्षी मी उर्दूचे पहिले पुस्तक आणले. सकाळी शिकवण्या आटोपल्या की मी त्यांच्या डावीकडे, सारंगियाच्या जागी बसे आणि अक्षरे लावून मोठ्याने वाची. चुकलो की त्यांची मान माझ्याकडे वळे. चीज लागली की ते ती म्हणून दाखवीत, मी स्वरलिपीत उतरून घेई. २०१४ च्या पावसाळ्यात ते गेले तोवर आमची एकशे बारा पाने झाली होती. वही एकशे तेवीस पानांची आहे. उरलेली अकरा मी आता अडखळत वाचतो. शब्द लागतात, चाल लागत नाही. खाँसाहेबांना त्यांतल्या दोन येत होत्या, त्या त्यांनी सारंगीवर वाजवून दिल्या. बाकीच्या नऊ कोणाला येत असतील तर मी काचीगुड्यातच राहतो, सायंकाळी घरीच असतो.